फॉलिकल कुठे अडलं?

सकाळचे साडेआठ. वाशीतल्या एखाद्या सोनोग्राफी सेंटरच्या बाकांवर सात-आठ बायका बसलेल्या असतात. समोरच्या भिंतीवर गर्भलिंगनिदान हा गुन्हा असल्याची पाटी. काहींची पोटं पुढे आलेली, काहींची नाहीत. या दुसऱ्या बायका पाळीच्या दहाव्या, बाराव्या, चौदाव्या दिवशी येतात आणि इथून निघून ट्रान्स हार्बरची लोकल पकडून ऐरोली-घणसोलीच्या ऑफिसात वेळेवर पोचायची त्यांची धडपड असते. प्रत्येकीच्या फायलीत एक छोटा तक्ता असतो : तारीख, पाळीचा दिवस, उजवा अंडाशय, डावा अंडाशय, गर्भाशयाच्या अस्तराची जाडी. यालाच फॉलिक्युलर स्टडी म्हणतात.

कुणाच्या तक्त्यात आकडे चढत जातात. कुणाच्या तक्त्यात मात्र तिन्ही तारखांसमोर तीच तीन अक्षरं, 'एमएसएफ'. मल्टिपल स्मॉल फॉलिकल्स, म्हणजे पुष्कळ बारीक फॉलिकल्स. मोठं एकही नाही. जिन्यात उभं राहून ती बहिणीला फोन लावते, "ताई, याही महिन्यात वाढलं नाही गं." आणि मग तो प्रश्न, जो डॉक्टरांसमोर विचारायचा राहून गेलेला असतो : फॉलिकल वाढत नाही म्हणजे मला मूल होणारच नाही का?

प्रश्न खरा आहे, पण अर्धा आहे. ताप आला म्हणजे काय झालं, हे तापावरून कळत नाही. मलेरिया आहे की टायफॉइड, ते शोधावं लागतं. फॉलिकल न वाढण्याचंही तसंच आहे. ते कुठे अडलं, हे कळल्याशिवाय उत्तर मिळत नाही. आणि बहुतेक ठिकाणचं अडणं सोडवता येतं.

१. पिशवी आणि अंडं

१६७२ साली रेनिये द ग्राफ या डच वैद्याने अंडाशयातल्या पाणीदार फुगवट्यांचं वर्णन केलं. ते फुगवटे म्हणजेच अंडी, असा त्याचा समज झाला. खरं अंडं त्या फुगवट्याच्या आत असतं, हे कळायला १८२७ साल उजाडलं. कार्ल अर्न्स्ट फॉन बेअरने ते कुत्रीच्या अंडाशयात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं.

द ग्राफची चूक आजही रोज होते. "माझं अंडं अठरा एमएमचं झालं," असं बायका सांगतात. अठरा मिलिमीटर होते ती पिशवी. आतलं स्त्रीबीज मिलिमीटरच्या जेमतेम दहाव्या भागाएवढं, टाचणीच्या माथ्याहून कितीतरी बारीक. सोनोग्राफीत पिशवीतलं पाणी काळं दिसतं, बीज दिसतच नाही. म्हणून फॉलिकलचं माप म्हणजे बिजाच्या प्रतीचं प्रमाणपत्र नव्हे. पाठ्यपुस्तकात या पिशवीला पुटिका म्हणतात. दवाखान्यात सगळेच फॉलिकल म्हणतात, म्हणून इथेही तोच शब्द ठेवला आहे.

२. मोहोर किती, आंबे किती

कोकणातल्या कुणालाही हे सांगावं लागत नाही : आंब्याला मोहोर येतो हजारोंनी, फळं धरतात थोडी आणि पेटीत भरून वाशीच्या एपीएमसी मार्केटला पोचतात त्याहून थोडी. गळणं हा झाडाचा रोग नसतो.

अंडाशयाचा हिशोब असाच आहे. मुलगी आईच्या पोटात वीस आठवड्यांची असते तेव्हा तिच्या अंडाशयांत साठ-सत्तर लाख बीजं असतात. जन्माच्या वेळी दहा ते वीस लाख उरतात. पाळी सुरू होईपर्यंत तीन-चार लाख. त्यांतली सगळ्या आयुष्यात मिळून फुटतात ती सुमारे चारशे. बाकीची सगळी गळतात, रोज गळतात. गरोदरपणात गळतात आणि गर्भनिरोधक गोळ्या चालू असतानाही गळतात.

यातूनच एका नेहमीच्या भीतीचं उत्तर मिळतं. "इंजेक्शनं घेऊन दहा-बारा फॉलिकल्स वाढवली तर माझा साठा लवकर संपेल का?" नाही संपत. त्या महिन्यात वाढीला लागलेली पण गळून जाणार असलेली फॉलिकल्स इंजेक्शनाने जगवली जातात. गळालेल्या मोहोरातून फळं राखल्यासारखंच ते आहे. पुढच्या वर्षीच्या मोहोराला हात लागत नाही.

३. वाटाण्याहून बारीक, बोराएवढं

फॉलिकल एका महिन्यात तयार होतं, हा दुसरा गैरसमज. झोपलेलं फॉलिकल जागं होऊन फुटेपर्यंत बरेच महिने, जवळजवळ वर्ष जातं. तक्त्यात दिसतात ते फक्त शेवटचे पंधरा दिवस.

पाळी येते तेव्हा दोन्ही अंडाशयांत दोन ते पाच मिलिमीटरची काही फॉलिकल्स तयारीत असतात. मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी एफएसएच नावाचं संप्रेरक सोडते. हे त्यांचं खतपाणी. सगळी वाढू लागतात. आठवडाभरात एक जण पुढे जातं, साधारण दहा मिलिमीटरचं होतं आणि इस्ट्रोजेन तयार करू लागतं. इस्ट्रोजेन वाढलं, की मेंदू समजतो काम होत आलं आहे, आणि एफएसएचची तोटी बारीक करतो. बाकीची फॉलिकल्स उपाशी राहून सुकतात. पुढे गेलेलं मात्र कमी पाण्यावर जगायला शिकलेलं असतं. ते दिवसाला दीड ते दोन मिलिमीटर वाढतं, बोराएवढं होतं, वीस-बावीसच्या आसपास पोचतं. तेव्हा मेंदूतून एलएच या दुसऱ्या संप्रेरकाची लाट येते आणि सुमारे छत्तीस तासांनी फॉलिकल फुटतं.

बाहेर पडलेलं बीज बारा ते चोवीस तास जगतं. शुक्राणू मात्र पाच दिवसांपर्यंत तग धरू शकतात. त्यामुळे फुटण्याच्या आधीचे दोन-तीन दिवस सगळ्यात मोलाचे. "फुटल्याचं कळलं की मग" असं थांबणाऱ्या जोडप्यांचा महिना वाया जाऊ शकतो.

फुटलेल्या पिशवीचंही काम संपत नाही. तीच पिवळसर होऊन प्रोजेस्टेरॉन बनवते, गर्भाशयाचं अस्तर टिकवते. साधारण सात दिवसांनी रक्तात प्रोजेस्टेरॉन चढलेलं दिसलं, तर बीज सुटलं असं मानतात.

४. दोन बायका, एकच तक्ता

समजा, एकीची पाळी दर २८ दिवसांनी येते. दहाव्या दिवशी फॉलिकल १२, बाराव्या दिवशी १६, चौदाव्या दिवशी २० मिलिमीटर, सोळाव्या दिवशी फुटलेलं. तक्ता चोख.

दुसरीची पाळी नियमित आहे, पण ३५ दिवसांची. बीज सुटल्यापासून पुढची पाळी येईपर्यंतचा काळ सगळ्यांत साधारण सारखा, चौदा दिवसांच्या आसपास असतो. पस्तिसातून चौदा गेले, एकवीस उरले. म्हणजे हिचं फॉलिकल एकविसाव्या दिवसाच्या सुमारास फुटणार. हिचीही तपासणी दहाव्या, बाराव्या, चौदाव्या दिवशी केली आणि तिथे थांबवली, तर तक्त्यात काय दिसेल? बारीक फॉलिकल्स. 'वाढत नाही' असा शेरा बसेल आणि औषध सुरू होईल. त्या फॉलिकलला आणखी एक आठवडा हवा होता, इतकंच. प्रोजेस्टेरॉनच्या तपासणीचंही तेच. 'एकविसाव्या दिवशी रक्त द्या' हा सल्ला २८ दिवसवालीसाठी बरोबर; ३५ दिवसवालीने अठ्ठाविसाव्या दिवशी द्यायला हवं.

म्हणून पहिल्या भेटीला जाताना मागच्या सहा पाळ्यांच्या तारखा कागदावर लिहून न्याव्यात. अनेक महागड्या तपासण्यांपेक्षा तो कागद जास्त बोलतो.

५. वरूनच पाणी बंद

आता अडण्याच्या जागा. पहिली मेंदूत. शरीराला अन्न अपुरं पडतंय असं मेंदूला वाटलं, तर तो आधी प्रजननाचा खर्च बंद करतो. लग्नाआधी झपाट्याने दहा किलो उतरवणाऱ्या मुली, अति व्यायाम करणाऱ्या खेळाडू, दीर्घ ताणाखाली असलेल्या बायका यांची पाळी अशी थांबू शकते. इथे अंडाशय चांगला असतो, त्याला निरोपच येत नाही. खाणं आणि वजन पूर्वपदावर आलं, की बहुधा पाळीही येते. प्रोलॅक्टिन वाढणं आणि थायरॉइड बिघडणं ही याच रांगेतली कारणं. दोन्ही साध्या रक्ततपासणीत सापडतात, दोन्हींना गोळ्या आहेत, आणि तरीही ती शोधायची राहून जातात तेव्हा वाईट वाटतं.

६. वाटाण्याएवढं झालं आणि थांबलं

सगळ्यात जास्त बायका अडतात त्या इथे. नाव सगळ्यांना पाठ आहे : पीसीओएस किंवा पीसीओडी.

नावातच घोटाळा आहे. 'सिस्ट' म्हणजे गाठ, म्हणून घरी निरोप जातो, "अंडाशयात गाठी आहेत." ऑपरेशन, कॅन्सर, काय काय मनात येतं. प्रत्यक्षात त्या गाठी नसतात. वाढता वाढता वाटाण्याएवढी होऊन किंवा त्याआधीच थांबलेली फॉलिकल्स अंडाशयाच्या कडेने माळेतल्या मोत्यांसारखी बसलेली असतात. अंडी कमी नसतात, उलट वाढीला लागलेली फॉलिकल्स नेहमीपेक्षा जास्त असतात. पण त्यांतलं एकही पुढे निघत नाही. शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेन्थल या डॉक्टरांनी १९३५ साली अशा सात बायकांची हकिकत छापली. त्यांनी अंडाशयाची एक फाक कापून काढली आणि पाळ्या सुरू झाल्या. कापल्याने व्रण राहतात, हे पुढे कळलं.

का थांबतं? मोठा धागा इन्सुलिनचा. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं, की स्वादुपिंड ते जास्त ओततं. जास्तीचं इन्सुलिन अंडाशयाला पुरुषी संप्रेरकं बनवायला लावतं आणि त्या वातावरणात फॉलिकल खुंटतं. चेहऱ्यावरची लव, पुटकुळ्या, मानेवरचा काळेपणा हे त्याच धाग्याचे दुसरे पदर.

"पण ती तर बारीक आहे!" हे वाक्य हमखास ऐकू येतं. त्याचं उत्तर पुण्याकडे आहे. तिथल्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि बाळांचा अभ्यास केला. आपली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची, पण आपल्या बाळांत चरबीचं प्रमाण तुलनेने राखलेलं, कमी पडलेलं ते स्नायूंत. दिसायला बारीक, आतून चरबीदार. वजनकाटा पाहून इन्सुलिनचा प्रश्न नाही असं भारतीय बाईबद्दल म्हणता येत नाही, ते यामुळेच.

किती जणींना असतं? परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने मुंबईतल्या १५ ते २४ वयाच्या ७७८ मुलींची पाहणी केली. ती २०१४ साली प्रसिद्ध झाली. निदानाचे 'रॉटरडॅम' निकष लावले तर २२.५ टक्के मुलींना पीसीओएस. दुसरे, पुरुषी संप्रेरकांवर भर देणारे निकष लावले तर १०.७ टक्के. मुली त्याच, मोजपट्टी बदलली आणि आकडा निम्म्यावर आला. कॉलेजातल्या मुलीच्या कपाळावर एका सोनोग्राफीवरून हा शिक्का मारू नये, याचा याहून मोठा पुरावा कशाला हवा?

उपाय साधेपणाने सुरू होतात. वजन जास्त असेल तर ते पाच टक्क्यांनी उतरलं तरी अनेकींची पाळी मार्गावर येते. सत्तर किलोच्या बाईसाठी पाच टक्के म्हणजे साडेतीन किलो. 'वीस किलो उतरवा, मग या' असं ऐकून आलेल्या बाईला हा हिशोब कुणीतरी मांडून दाखवायला हवा.

त्यानंतर गोळी. लेट्रोझोलचं नाव इंटरनेटवर शोधलं की 'स्तनाच्या कॅन्सरचं औषध' असं समोर येतं आणि बाई घाबरते. औषध तेच आहे, काम निराळं. ही गोळी पाळीच्या सुरुवातीला चार-पाच दिवस इस्ट्रोजेन कमी करते. मेंदूला वाटतं, फॉलिकल्स अजून वाढली नाहीत, आणि तो एफएसएचची तोटी सैल सोडतो. भारतात २०११ साली वंध्यत्वासाठी तिच्या वापरावर बंदी आली होती. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत पीसीओएस असलेल्या बायकांमध्ये लेट्रोझोलने २७.५ टक्के जणींना मूल झालं, जुन्या क्लोमिफीनने १९.१ टक्के. २०१७ साली आपल्याकडची बंदी उठली. आज पीसीओएससाठी ती पहिली पसंती आहे.

७. एक फॉलिकल की अनेक

गोळ्यांनी काम झालं नाही तर इंजेक्शनं. त्यांचा उगम ऐकण्यासारखा आहे. पाळी गेलेल्या बाईच्या अंडाशयात दाद द्यायला फॉलिकल उरत नाही, मेंदू मात्र एफएसएच ओतत राहतो आणि ते लघवीत उतरतं. इटलीतल्या सेरोनो कंपनीने मठांमधल्या वयस्क जोगिणींची लघवी गोळा करून त्यातून औषध काढलं. ब्रुनो लुनेनफेल्ड यांनी ते इस्रायलमध्ये वापरलं आणि १९६२ साली त्यातून पहिलं मूल जन्मलं.

२५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडात जगातलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ, लुईस ब्राऊन, जन्मली, ती मात्र नैसर्गिकपणे वाढलेल्या एकाच फॉलिकलमधल्या एकाच बिजापासून. सत्तर दिवसांनी, ३ ऑक्टोबरला, कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नातून 'दुर्गा' जन्मली. त्यांनी इंजेक्शनांनी अनेक फॉलिकल्स वाढवली होती आणि गर्भ गोठवून ठेवला होता. पुढे जगभर याच वाटेने काम चाललं. त्या वेळी मात्र सरकारी समितीने त्यांना खोटं ठरवलं. १९८१ साली त्यांनी स्वतःचं जीवन संपवलं.

मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्याच प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या कामातून ६ ऑगस्ट १९८६ रोजी हर्षा चावडा जन्मली. शास्त्रीय नोंदींनिशी सिद्ध झालेलं देशातलं हे पहिलं टेस्ट ट्यूब बाळ. आनंद कुमारांनी नंतर मुखोपाध्यायांचे कागद वाचले आणि १९९७ साली जाहीरपणे लिहिलं, की पहिलेपणाचा मान त्यांचा आहे. स्वतःचा मान असा परत देणारी माणसं विज्ञानात थोडी. हर्षाला २०१६ साली जसलोक रुग्णालयात मुलगा झाला.

इंजेक्शनांत धोकाही आहे. पीसीओएस असलेल्या अंडाशयात एकाच वेळी वीस-पंचवीस फॉलिकल्स उसळू शकतात, पोटात पाणी साठतं, जुळी-तिळी राहतात. म्हणून मात्रा कमीत कमी आणि सोनोग्राफीच्या देखरेखीखालीच हवी.

८. साठाच उतरला तर

तिसरी जागा साठ्याची. रक्तातलं एएमएच हे संप्रेरक लहान फॉलिकल्समधून येतं, त्यामुळे त्यावरून साठ्याचा अंदाज बांधतात. इंजेक्शनांना अंडाशय किती दाद देईल, हे त्यावरून कळतं. पण ३० ते ४४ वयाच्या बायकांवर झालेल्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात एएमएच कमी असलेल्या बायकांना पुढच्या काही महिन्यांत नैसर्गिकरीत्या दिवस जाण्याची शक्यता इतरांहून कमी आढळली नाही. महिन्याला एकच आंबा हवा असतो. झाडावर किती मोहोर आहे, हा पुढचा प्रश्न. बिजाची प्रत ठरते ती मुख्यतः वयाने.

चाळिशीच्या आत साठा खरोखर संपतो तेव्हा त्याला अकाली अंडाशय-क्षीणता म्हणतात. कारणं जनुकीय असतात, प्रतिकारशक्तीची असतात, कॅन्सरच्या उपचाराचीही असतात. खारघरला टाटा मेमोरियल सेंटरचं ॲक्ट्रेक आहे. अशा ठिकाणी केमोथेरपी सुरू होण्याआधी तरुण मुलीने एक प्रश्न विचारायलाच हवा : माझी बीजं गोठवून ठेवता येतील का? साधारण दोन आठवडे लागतात. केमो सुरू झाल्यावर ती वेळ पुन्हा मिळेलच असं नाही. ज्यांचा साठा संपलेला आहे त्यांच्यासाठी दुसरीचं बीज घेण्याची वाट डॉ. हिंदुजांनीच आपल्याकडे रुळवली. तशा उपचारातलं देशातलं पहिलं बाळ २४ जानेवारी १९९१ रोजी जन्मलं.

आणि शेवटची जागा दाराशीच : फॉलिकल वाढतं, पण फुटत नाही. हे एखाद्या महिन्यात कुणाचंही होऊ शकतं. पाळीच्या मधल्या दिवसांत सतत घेतलेल्या काही वेदनाशामक गोळ्यांनीही फुटणं अडतं, म्हणून कंबरदुखीची गोळी चालू असेल तर ती डॉक्टरांच्या कानावर घालावी.

९. तक्त्यात नसलेला रकाना

फॉलिक्युलर स्टडीच्या तक्त्यात नवऱ्याचा रकाना नसतो. मूल न होणाऱ्या जवळजवळ निम्म्या जोडप्यांत पुरुषाच्या बाजूचं कारण एकटं किंवा जोडीने असतं. तरी सहा-सहा महिने बाईचीच सोनोग्राफी चालते. तिची रजा, तिचे पैसे, तिच्याकडे बघणाऱ्या नजरा. वीर्यतपासणीला एक सकाळ लागते. शेवटच्या वीर्यपतनानंतर दोन ते सात दिवसांचं अंतर ठेवून नमुना द्यायचा. त्यात सुई टोचत नाही की भूल द्यावी लागत नाही. तिच्या गर्भनलिका मोकळ्या आहेत का, हेही वेळीच पाहायला हवं. नळ्या बंद असतील तर बोराएवढं फॉलिकल फुटूनही उपयोग नाही.

बाईचं वय पस्तिशीच्या आत असेल तर वर्षभर प्रयत्न करून, पस्तिशी ओलांडली असेल तर सहा महिन्यांनी, आणि पाळीच येत नसेल तर लगेच डॉक्टरांकडे जावं. जाताना दोघांनी जावं. सहा पाळ्यांच्या तारखांचा कागद न्यावा, 'फॉलिकल नक्की कुठे अडलंय?' असं स्पष्ट विचारावं, आणि दुसऱ्या महिन्याचा तक्ता सुरू होण्याआधी नवऱ्याचा रिपोर्ट फायलीत लागलेला असावा.